रोजच्या कामाचा लॅपटॉप : किंमत आणि मोल

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर संध्याकाळच्या गंगा आरतीची तयारी सुरू झाली की गोदौलिया चौकाकडून येणारी वाट माणसांनी फुलून जाते. या घाटाशी मराठी मनाचे नाते जुने आहे. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ मध्ये तो बांधून घेतला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. घाटावरून उत्तरेकडे थोडे चालत गेले की मानमंदिराचा महाल दिसतो. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. पितळी उपकरणे आकाराने लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि मग मोजमाप चुकते, हा अनुभव घेतल्यावर जयसिंहांनी दगडचुन्याची भक्कम यंत्रे पसंत केली. काशीत तर त्यांनी नवी वास्तू न बांधता असलेल्या महालाच्या गच्चीचाच उपयोग केला. काम नेमके कोणते, साधन किती काळ टिकेल आणि हाताशी काय आहे, या तीन गोष्टींचा विचार त्यामागे दिसतो.

आज घरात लॅपटॉप घ्यावयाचा झाल्यास हेच तीन प्रश्न उभे राहतात. मुलीचा अभ्यास, छोट्या दुकानाचा हिशेब, सरकारी अर्ज, बँकेचे व्यवहार आणि दूरच्या नातलगांशी संवाद ही सारी कामे एकाच यंत्रावर व्हावयाची असतात. अनेक कुटुंबांसाठी ती वर्षभराच्या बचतीतून होणारी खरेदी असते. निवड चुकली तर पैसे जातात आणि परीक्षेच्या ऐन दिवसांत कामही अडते.

स्वस्ताईचा शोध

सामान्यांना परवडेल असा संगणक तयार करण्याचे स्वप्न जुने आहे. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँट यांनी २००५ मध्ये मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत हे हिरवे-पांढरे यंत्र मुलांच्या हाती आले. उन्हातही वाचता येणारा पडदा आणि धूळ आत जाऊ न देणारा कळफलक ही त्याची वैशिष्ट्ये होती. उत्तर प्रदेशात मार्च २०१३ मध्ये बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास प्रारंभ झाला. सरकारने सुमारे १५ लाख लॅपटॉप प्रत्येकी १९ हजार रुपयांच्या आसपास खरेदी केले.

किंमत एका मर्यादेखाली नेली की कोठेतरी तडजोड करावी लागते, हा या प्रयत्नांतून मिळालेला धडा आहे. ती तडजोड कोठे परवडेल आणि कोठे परवडणार नाही, हे ओळखणे ग्राहकाच्या हाती असते.

कोठे काटकसर, कोठे नाही

रोजच्या वापरात यंत्राचा वेग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. पहिली गोष्ट रॅम. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण आवश्यक आहे. परंतु ही केवळ प्रवेशाची अट आहे. ब्राउझरची चार पाने उघडी ठेवून लिहिणाऱ्याने ८ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये. ती पुढे वाढविता येते काय, हेही विचारावे, कारण अनेक लॅपटॉपमध्ये ती मुख्य फलकावर कायमची बसविलेली असते. दुसरी गोष्ट एसएसडी. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कपेक्षा ती पुष्कळ वेगवान असते आणि धक्क्यानेही सहसा बिघडत नाही. घरगुती वापरास २५६ जीबीची एसएसडी बहुधा पुरते.

चकचकीत धातूचे आवरण, खेळांसाठीची खास चित्रशक्ती किंवा अतिपातळ बांधा यांवर खर्च करण्याचे कारण नाही. कळफलक मात्र दुकानात स्वतः वापरून पाहावा. विंडोजमध्ये असलेला इनस्क्रिप्ट कळफलक सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच तत्त्वावर रचलेला आहे. त्यामुळे काशीतील मराठी कुटुंबास मराठी आणि हिंदी दोन्ही एकाच सवयीने लिहिता येतात. पत्रे व तक्ते तयार करण्यासाठी लिबरऑफिस विनामूल्य मिळते. वीज जाण्याचा आणि उन्हाळ्याचा विचार करून बॅटरी व हवा खेळती राहण्याची सोय पाहावी. दुरुस्ती केंद्र आपल्याच शहरात आहे ना, याची खात्री करावी.

जुने यंत्र, नवी दक्षता

नूतनीकरण केलेला लॅपटॉप कमी पैशांत चांगला मिळू शकतो. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आहे. ज्या जुन्या यंत्रात टीपीएम २.० नाही किंवा ज्याचा प्रोसेसर फार मागच्या पिढीचा आहे, ते विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. सुरक्षा-सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे तिजोरीला मोडके कुलूप लावणे होय. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, बॅटरीची अवस्था, पक्की पावती आणि लेखी हमी पाहूनच असा सौदा करावा.

हिशेब वर्षांचा

कल्पना करा, एक लॅपटॉप २४ हजारांना घेतला आणि तीन वर्षांत बदलावा लागला. दुसरा ३६ हजारांना घेतला आणि तो सहा वर्षे चालला. पहिल्याचा खर्च वर्षाला ८ हजार रुपये, तर दुसऱ्याचा ६ हजार. दुकानात स्वस्त वाटलेले यंत्र घरात महाग ठरते.

हप्त्याने खरेदी करतानाही असेच गणित मांडावे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातील व्याजावर वस्तू व सेवा करही लागतो. म्हणून रोखीची किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी मांडूनच सही करावी. खरेदीपूर्वी काही महिने तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाकली, तर हप्ता झेपेल की नाही हे कळते आणि गंगाजळीही जमते.

मानमंदिराच्या गच्चीवरील यंत्रांना झगमगाट नाही. ऊन-पाऊस सोसून ती आजही उभी आहेत. आपल्या घरच्या साधनाकडूनही तीच अपेक्षा ठेवावी : मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ते निमूटपणे सुरू व्हावे आणि पुढची काही वर्षे आपले काम करीत राहावे.