ऊन, सुरकुत्या आणि होम्सबर्गचे ऋण

चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनींनी पत्राने विचारणा केली आहे की, कोलॅजनयुक्त म्हणून विकली जाणारी क्रीम्स, स्वतःच्याच रक्तातील घटक सुयांनी चेहऱ्यात सोडण्याचे उपचार आणि पार्लरमधील नाना तऱ्हेची फेशियल्स यांपैकी तारुण्य टिकविण्यास खरोखर उपकारक असे काय आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे की, ज्याला आपण चेहऱ्याचे वार्धक्य समजतो त्याचा मोठा हिस्सा वयाच्या नव्हे, तर उन्हाच्या खाती जमा आहे. ज्यांना याविषयी संशय वाटेल त्यांनी घरातील एखाद्या वृद्धाच्या दंडाची आतली बाजू आणि त्याच हाताच्या पंजाची पाठ शेजारी शेजारी पाहावी. 2012 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने 69 वर्षांच्या मालमोटारचालकाचे छायाचित्र छापले होते. 28 वर्षे खिडकीकडे राहिलेला त्याचा डावा गाल खोल घड्यांनी भरला होता आणि उजवा त्या मानाने कितीतरी तरुण दिसत होता. काच ऊन अडवते, हा समज अर्धाच खरा. अतिनील किरणांपैकी दीर्घ लहरींचे किरण, ज्यांना यूव्हीए म्हणतात, ते काचेतून आत येतात आणि त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोहोचतात.

तेथे काय घडते हे समजण्यासाठी सुंभाने विणलेली बाज डोळ्यांपुढे आणावी. विणीचा सुंभ म्हणजे कोलॅजन आणि पायगतीकडील ताणाची दोरी म्हणजे इलॅस्टिन. ऊन लागताच पेशींतून अशी विकरे स्रवू लागतात की, ती हा सुंभ जागोजाग तोडतात. ताणाच्या दोरीचे गुंते होतात आणि बाजेला झोळ पडतो. नवा सुंभ वळणाऱ्या पेशी खालीच असतात, परंतु वयाबरोबर त्या मंदावतात. आता चादरीवर सुंभाची गुंडाळी आणून ठेवली म्हणून बाज काही विणली जात नाही, आणि कोलॅजनच्या क्रीमचे नेमके हेच होते. सुमारे 500 डाल्टनपेक्षा जड रेणूंना त्वचेचा बाह्य थर सहसा आत शिरू देत नाही, आणि कोलॅजनचा रेणू जवळजवळ 3 लाख डाल्टनचा! ते क्रीम त्वचा ओलसर ठेवील, ती तात्पुरती तुकतुकीत दिसेल, परंतु विणीला त्याचा स्पर्शही होणार नाही.

मग विणीचे रक्षण होते कशाने? या प्रश्नाचा मला सर्वांत विश्वसनीय वाटणारा दाखला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातल्या नॅम्बूर या ऊसकरी गावाचा आहे. आडेल ग्रीन या विदुषीने तेथील मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकाव्या तशी माणसे निवडली आणि 1992 पासून साडेचार वर्षे त्यांपैकी निम्म्यांना रोज सकाळी डोके, मान, हात यांना सनस्क्रीन लावावयास सांगितले. उरलेल्यांनी आपल्या मर्जीनुसार ते लावावे असे ठरले, कारण त्या प्रखर उन्हात कोणाला खोटे मलम देणे अन्यायाचे ठरले असते. बाटल्या परत आल्या की त्यांचे वजन होई. पंजाच्या पाठीवर सिलिकोन ओतून त्वचेच्या बारीक रेषांचे ठसे घेण्यात आले आणि कोणता ठसा कोणत्या गटातील माणसाचा हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी ते तपासले. पंचावन्नच्या आतील 903 जणांचा निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाला : रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य 24 टक्क्यांनी कमी. याच प्रयोगात दिलेल्या बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांचा मात्र काहीएक उपयोग दिसला नाही. प्रयोग मुळात त्वचेच्या कर्करोगासाठी योजिला होता आणि त्याचा एक प्रकारही सनस्क्रीनने कमी झाला, हे विशेष.

आपल्या सावळ्या वर्णाला मेलॅनिनचे संरक्षण असल्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, परंतु वांग आणि डाग लवकर येतात, आणि वांगास दृश्य प्रकाशही कारण होतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित गेरूच्या छटेचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते.

झालेली हानी अंशतः भरून काढणारे आणि कसोटीस उतरलेले औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. ते जीवनसत्त्व अ चे रूप असून पेशीच्या केंद्रात जाऊन ती तोडणारी विकरे आवरते आणि नव्या कोलॅजनला चालना देते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि गर्भारपणात मुळीच नाही. आपल्याकडे ते स्टेरॉइड व हायड्रोक्विनोन यांच्यासह एकाच ट्यूबमध्ये मिळते, आणि रंग उजळेल या आशेने लोक ती परस्पर मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने चोळतात. त्यातील स्टेरॉइडने कातडी पातळ पडते, चेहरा लाल होतो, लव वाढते, आणि ट्यूब बंद करताच दाह उसळतो.

या औषधाचा इतिहास मात्र सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत कोठेही आढळत नाही. फिलाडेल्फियाचे त्वचाशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी मुरुमांसाठी ते पुढे आणले. 1971 साली त्यास अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि पुढे, मुरुमांसाठी ते वापरणाऱ्या प्रौढ स्त्रियांनी त्वचा मऊ झाल्याचे सांगितल्यावरून, सुरकुत्यांवरील त्याच्या गुणाचा शोध सुरू झाला. परंतु त्याच्या आरंभीच्या चाचण्या ज्यांच्या अंगावर झाल्या ते त्याच शहरातील होम्सबर्ग तुरुंगातील कैदी होते, बहुसंख्य कृष्णवर्णीय, पुष्कळसे खटला चालण्याची वाट पाहत अडकलेले. 1951 पासून 1974 पर्यंत तेथे थोड्याशा डॉलरांच्या मोबदल्यात माणसांच्या पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवून नानाविध द्रव्ये तपासली गेली. त्यांत डायऑक्सिनसारखे विषही होते. त्या तुरुंगात प्रथम पाऊल टाकताच आपणांस माणसे नव्हे, एकरच्या एकर त्वचा दिसली, अशा आशयाचे उद्गार क्लिगमन यांनी 1966 साली एका वार्ताहराजवळ काढले, आणि तेच ॲलन हॉर्नब्लम यांच्या 1998 च्या ग्रंथाचे नाव झाले. क्लिगमन यांची विद्वत्ता मी नाकारत नाही. उन्हाने त्वचा जीर्ण होते हे ठासून सांगणाऱ्यांत ते अग्रणी होते. तथापि नॅम्बूरच्या नागरिकांपाशी जी संमती मागितली गेली, ती बंदिवासातल्या दरिद्री माणसापाशी खऱ्या अर्थाने असूच शकत नव्हती, हे त्यांना दिसावयास हवे होते. 2000 साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दिवाणी दावा दाखल केला. तो मुदतबाह्य ठरवून फेटाळण्यात आला. क्लिगमन यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने 2021 साली आणि फिलाडेल्फिया शहराने 2022 साली क्षमायाचना केली. क्लिगमन 2010 साली वारले होते, पुष्कळ कैदीही त्यापूर्वीच गेले होते, आणि जे उरले त्यांची नुकसानभरपाईची मागणी त्या माफीनाम्यांनी पुरी झालेली नाही.