चीनमधून घरी येताय? रजा तुकड्यात घेऊ नका

चीनमध्ये नोकरी करणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी जरा कॅलेंडर बघा. २०१९पासून तिथला प्राप्तिकराचा नियम असा: सलग सहा वर्षं, दरवर्षी किमान १८३ दिवस चीनमध्ये काढलेत, तर सातव्या वर्षी तितकेच दिवस भरताच पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावरही चीन कर लावू शकतो. मधल्या एखाद्या वर्षी सलग ३० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून! गणपतीला आठवडा, दिवाळीला पंधरवडा असं जमवून चालत नाही. साहेब एवढी रजा देतात का, हा वेगळा विषय.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर परतल्यावर २४ तासांत पोलिसांकडे राहण्याची नोंद. हॉटेलवाले ती स्वतःच करतात. निवास परवाना असलेल्यांना काही शहरांत सवलत मिळते, ठाण्यातच विचारा.

आणि फोन. तिकडे व्हॉट्सअ‍ॅप अडवलेलं, इकडे २०२०पासून वीचॅटवर बंदी. भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर व्हॉट्सअ‍ॅप सहसा चालतं, कारण ते इंटरनेट भारतातल्या कंपनीमार्फत येतं. महाग पडतं, पण बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो. रिचार्ज संपू देऊ नका.