विहिरीवरची टीसीएल

पेठ तालुक्यात पाऊस धो धो पडतो आणि डोंगरउतारावरून तसाच निघून जातो. जाताना पाड्यांवरची घाण विहिरींत सोडतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर विहिरींचं पाणी शुद्ध करणाऱ्या जलसुरक्षकाचं काम मला फार मोलाचं वाटतं. एका पाड्यावर ते मी शेजारी उभं राहून पाहिलं.

संध्याकाळी बायांचं पाणी भरून झालं की तो आधी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजतो. ३ मीटर व्यास, २ मीटर पाणी, म्हणजे सुमारे १४,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने ७० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून तो लगदा करतो, पाणी वाढवून ढवळतो आणि थांबतो. दहाएक मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती तो विहिरीत पाण्याखाली सोडतो आणि दोरी वरखाली, डावीउजवीकडे हलवत राहतो. उरलेला चुना विहिरीपासून लांब खड्ड्यात जातो. मग निदान तासभर कुणी पाणी भरायचं नाही. पाकीट तो लगेच घट्ट बांधतो, कारण उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि हाती राहते नुसती पांढरी भुकटी.

विहिरीत औषध टाकणं आपल्याकडे नवं नाही. पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार हॅन्किन या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात केला. मुंबई इलाख्यात खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा १८८९ सालीच झाला होता. पुढे १८९७चा साथरोग कायदा आला. त्याच साली पुण्यात प्लेगसाठी गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या घेतल्या. त्या झडत्यांनी लोकांच्या मनात सरकारी आरोग्याची जी धास्ती बसवली, ती औषधापेक्षा जास्त टिकली असं मला वाटतं.

या जलसुरक्षकाला ते ठाऊक असो वा नसो, तो दरडावत नाही. पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणून काही बाया झिऱ्यावर जातात. वास सकाळपर्यंत उतरावा म्हणूनच तो काम संध्याकाळी करतो. सकाळी घरोघरी हंड्यातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकतो; पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. एका घरी पिवळा रंग आला, शेजारी काहीच नाही. त्याने दोन्ही नळ्या शेजारच्या बाईच्या हातात दिल्या.

"झिऱ्याचं आणलं का, मावशी?"

"हो. विहिरीच्या पाण्याला वास येतो रे."

"मग हे उकळून घ्या. उद्या विहिरीचं भरा, मी परत येतो बघायला."

तिने तांब्याभर पाणी चुलीवर ठेवलं आणि पोराला विचारायला पाठवलं, बाकीच्यांचा रंग कसा आला म्हणून.