रक्त जातंय, तरीही गुठळी?

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या सुजेचा आजार उसळला की दिवसाला दहा-बारा वेळा शौचाला जाऊन माणूस गळून जातो, आणि दर वेळी रक्त पडतं. असा रुग्ण दाखल झाला की नर्स त्याच्या पोटाच्या कातडीत रोज एक बारीक इंजेक्शन टोचते. गुठळी होऊ नये म्हणून, असं ती सांगते. घरचे चक्रावतात. "अहो डॉक्टर, आधीच एवढं रक्त जातंय, आणि तुम्ही ते आणखी पातळ करताय?"

प्रश्न रास्त आहे. इथे कित्येकदा डॉक्टरांचाही हात अडखळतो.

पण आतड्याची सूज म्हणजे शरीराच्या लेखी उघडी जखम, आणि जखम म्हटली की रक्त गोठवण्याची तयारी सुरू. प्लेटलेट वाढतात, यकृत जास्त फायब्रिनोजेन बनवतं, शिरांचं गुळगुळीत अस्तर बिघडतं. त्यात जुलाबांनी अंगातलं पाणी आटलेलं, माणूस खाटेला खिळलेला, बहुधा स्टेरॉईडही चालू. रक्ताची घडण बदलणं, प्रवाह मंदावणं आणि अस्तर दुखावणं ही गुठळीची तीन कारणं जर्मन वैद्य रुडॉल्फ विरखोच्या नावाने ओळखली जातात. इथे तिन्ही एकाच खाटेवर भेटतात. आतड्यातून रक्त गळतं ते तिथे व्रण झालेत म्हणून. रक्त पातळ झालंय म्हणून नव्हे.

कोलायटिसमध्ये गुठळी होते, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बार्जेन आणि बार्कर यांनी 1936 मध्येच ती लिहून ठेवली होती. पुढे 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात कोलायटिस आणि त्याच्याच जातीच्या क्रोन्स आजाराच्या रुग्णांना शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट, आणि आजार उसळलेला असताना आठपट दिसला. या इंजेक्शनचा डोस प्रतिबंधापुरता, म्हणजे लहान असतो. रक्तस्राव अगदीच बेसुमार नसेल तर तो द्यावा, असंच आज तज्ज्ञ सांगतात. गंमत म्हणजे या इंजेक्शनांतलं हेपॅरिन हे औषध बहुतेक वेळा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासूनच काढतात.

गुठळी बहुधा पोटरीत किंवा मांडीत धरते. तिथून सुटली तर थेट फुप्फुसात. कधी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत, क्वचित मेंदूच्या शिरांतही होते. आजार उसळूनही जे घरीच असतात, त्यांना हे इंजेक्शन सहसा मिळत नाही. एकच पाय सुजला तर 'चालणं बंद आहे ना, म्हणून', धाप लागली तर 'अशक्तपणा', डोकं न थांबता दुखलं तर 'पित्त', अशी घरात समजूत घातली जाते. कोलायटिसच्या रुग्णाच्या बाबतीत या तिन्ही तक्रारी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जायला हव्यात. धाप अचानक लागली तर तडक इस्पितळ. आणि बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर तेही न विचारता सांगावं; त्यांनीही गुठळीचा धोका वाढतो.