विमान आगीचे गोळे का सोडतं? – खेळातून समजावता येईल असा एक पाठ



लढाऊ विमानांचे व्हिडिओ आता आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वाडी-तांड्यावरच्या मुलांनीही मोबाईलवर पाहिलेले असतात. त्यात विमानातून एकामागून एक आगीचे गोळे सुटताना दिसतात. मुलांना वाटतं, विमान बॉम्ब टाकतंय. बऱ्याच मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. खरं तर ते विमान त्या वेळी कुणावर हल्ला करत नसतं. मागे लागलेल्या क्षेपणास्त्रापासून ते आपल्या वैमानिकाला वाचवत असतं, किंवा त्याचा सराव करत असतं. हे कसं घडतं, ते आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

क्षेपणास्त्राला विमान दिसतं कसं?

आपण विमान पाहतो तसं क्षेपणास्त्र पाहत नाही. त्याचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा.

१) उष्णता शोधणारं: विमानाचं इंजिन खूप तापलेलं असतं. हे क्षेपणास्त्र ती उष्णता ओळखतं आणि तिच्या मागे जातं.

२) रडारवर चालणारं: रडार रेडिओ लहरी सोडतं. त्या विमानावर आपटून परत येतात. विहिरीत आवाज दिला की प्रतिध्वनी येतो ना, तसंच. त्यावरून विमान कुठे आहे ते कळतं.

म्हणजे क्षेपणास्त्र विमान ओळखत नाही, फक्त त्याची एक खूण ओळखतं. बचावाची सगळी युक्ती इथेच आहे. तीच खूण दुसरीकडे जास्त ठळक करून दाखवायची!

आगीचे गोळे म्हणजे फ्लेअर

पहिल्या प्रकारासाठी फ्लेअर वापरतात. त्यात बहुतेक वेळा मॅग्नेशियम असतं. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना तुम्ही पाहिली असेल, तर तो डोळे दिपवणारा उजेड आठवेल. फ्लेअर काही सेकंदच जळतो, पण तेवढ्या वेळात तो इंजिनापेक्षा ठळक दिसतो. क्षेपणास्त्र त्याच्याकडे वळतं आणि विमान निसटतं.

चॅफ म्हणजे आकाशातला भुसा

दुसऱ्या प्रकारासाठी चॅफ असतं. चॅफ या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी भुसा. खळ्यावर ज्वारी उफणताना वाऱ्यावर भुसा पसरतो, तसे विमानातून केसाइतके बारीक तंतू हवेत सोडतात. हे काचेचे तंतू असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. रडारच्या लहरी त्यांच्यावर आपटून परत जातात आणि पडद्यावर भलताच मोठा ढग दिसतो.

इथे गणितही आहे बरं का! तंतूची लांबी रडारच्या लहरीच्या साधारण निम्मी ठेवतात. लहर ३ सेंमीची असेल तर तंतू दीड सेंमीचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रडारची लहर सुमारे ५३ सेंमीची होती, म्हणून ब्रिटिशांनी सुमारे २७ सेंमीच्या पट्ट्या कापल्या. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवर त्या पहिल्यांदा टाकल्या. त्या रात्री ७९१ विमानांपैकी फक्त १२ पडली. या पट्ट्यांच्या संशोधनात जोन करन या महिला शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. मुलींना हे आवर्जून सांगा.

हे नसेल तर काय होतं?

कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगच्या भागात आपलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. ते क्षेपणास्त्र उष्णता शोधणारं होतं आणि त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअरची सोय नव्हती. आतले चारही जवान शहीद झाले. फ्लेअर किती मोलाचा असतो, हे त्या दिवसाने दाखवलं. मुलांना ‘उडवलं’ हा शब्द फार आवडतो. पण उडालेल्या यंत्रात माणसं असतात, हेही याच पाठात सांगायला हवं.

वर्गात घ्यायचा खेळ

आंधळी कोशिंबीर सगळ्यांना येते. तिच्यात थोडा बदल करा.

• एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा. तो झाला क्षेपणास्त्र.
• दुसरा मुलगा हळू घंटी वाजवत चालेल. तो विमान.
• विमान जवळ सापडतंय असं दिसलं, की बाजूला उभा असलेला तिसरा मुलगा पोळ्याची घुंगरमाळ जोरात वाजवेल. तो फ्लेअर. पट्टीवाला बहुतेक वेळा तिकडेच वळतो.
• आता पट्टीवाल्याला सांगा, “जो आवाज चालत राहतो तोच खरा, एका जागी थांबतो तो खोटा.” आता तो तितका सहज फसत नाही.

शेवटची पायरी सोडू नका. कारण प्रत्यक्षातही तेच झालंय. चॅफ हवेत सोडलं की लगेच मंदावतं, विमान मात्र वेगात पुढे जातं. नवी रडारं हा फरक ओळखतात. त्यामुळे नुसतं चॅफ सोडून भागत नाही, वैमानिकाला विमानाची दिशाही झटकन बदलावी लागते. एकाने कुलूप सुधारलं की दुसरा किल्ली सुधारतो. म्हणून हे संशोधन कधी संपत नाही.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही होतं

हे सगळं परदेशातूनच येतं असं मुलांना वाटू देऊ नका. पुण्यात पाषाण-सुतारवाडी भागात डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आहे. स्फोटकं, रॉकेटचं इंधन आणि अशा जळणाऱ्या मिश्रणांवर तिथे संशोधन चालतं. जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने याच पुण्याच्या प्रयोगशाळेसोबत हवाई दलासाठी ‘११८/आय’ हे चॅफ काडतूस तयार केलं. चाचण्या यशस्वी झाल्यावर हवाई दलाने ते घ्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२१ मध्ये ही माहिती जाहीर झाली.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी “मला देशासाठी काम करायचंय” म्हणाली की आपण लगेच भरतीचं मैदान दाखवतो. ते चांगलंच आहे. पण रसायनशास्त्राचं पुस्तकही तिकडेच घेऊन जातं. वैमानिक सुखरूप घरी यावा म्हणून दीड सेंमीचा तंतू अचूक बनवणारं कुणीतरी लागतंच.

एक सूचना: घरी फटाके फोडून किंवा जाळून हा प्रयोग करू नका. घंटी आणि घुंगरमाळ पुरेशी आहे.

मुलांना विचारा:

१) रडारची लहर ८ सेंमीची असेल तर तंतू किती लांब हवा?
२) रडारवर चालणारं क्षेपणास्त्र फ्लेअरला का फसणार नाही?
३) सगळे फ्लेअर एकदम सोडले तर वैमानिकाची काय अडचण होईल?