थंडीत गिअर का पडत नाही?

पौषातली पहाट. माणदेशात दिवसा चांगले ऊन पडते, पण पहाटे बोटे वाकत नाहीत. अशा वेळी आम्ही मोगराळे घाटाच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीवरून कांद्याचा टेम्पो घेऊन फलटणला निघालो. पाच मिनिटे झाली नाहीत तोच घाटाची उतरण लागली. ड्रायव्हरने तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायला दांडा ओढला. दांडा अडला. गाडी न्यूट्रलमध्ये, मागे कांद्याचे ओझे, पुढे वळण! ब्रेक लागला म्हणून निभावले.

ड्रायव्हर म्हणाला, "गिअरबॉक्स गेला, मालक."

गेला नव्हता. आतले तेल गारठले होते.

काकवी पाहा. चुलीजवळ ठेवली तर भराभर ओतते, गारठली की ओघळता ओघळत नाही. गिअर ऑईलचेही तसेच. गिअरबॉक्समध्ये दातेरी चाके या तेलात बुडून फिरतात. गिअर बदलताना दोन फिरत्या भागांचा वेग एक व्हावा लागतो. ते काम एक पितळी कडी करते. ती चाकाला घासते, वेग जुळवते, मग दांडा आत जातो. घासायचे तर मधले तेल आधी बाजूला सरले पाहिजे. दाट तेल लवकर सरत नाही. कडी नुसती घसरते आणि दांडा अडतो. शिवाय खालचा गिअर टाकताना चाकाचा वेग वाढवावा लागतो, आणि दाट तेल त्याला मागे ओढते.

अशा वेळी दांड्याला हिसका देऊ नये. हिसक्याने ती कडीच झिजते, आणि ती बदलायची म्हणजे सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दांडा हलक्या हाताने दाबून धरा, क्षणभरात गिअर पडेल. गाडी नुसती उभी चालू ठेवून तेल फारसे तापत नाही. सुरुवातीचे चार-पाच किलोमीटर सावकाश चालवा. आणि उतरण लागण्याआधीच, सपाटीवर, खालचा गिअर टाका. आम्ही नेमके हेच चुकलो.

आमच्या गाडीत आणखी एक गोम निघाली. तिच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० तेल सांगितले होते. एका गॅरेजात मात्र "जाड तेल दात्यांना जपते" म्हणून १४० नंबरचे ओतले होते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. ८०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २६ अंशांवर घेतलेली असते. माणची थंडी तिथवर कधी जात नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो म्हणून याहून महाग तेल घ्यायचे कारण नाही. पुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तर तेच घ्या; जीएल-५ मधली काही रसायने पितळेला बाधतात. तेल पातळ करायला रॉकेल मात्र कधीही मिसळू नका.

दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावरही दांडा अडतच राहिला, तर दोष थंडीचा नव्हे. मग क्लच तपासून घ्या.

आम्ही तेल बदलले. पुढच्या बाजारी त्याच घाटात दुसरा गिअर पहिल्या झटक्यात पडला. ड्रायव्हर काही बोलला नाही, नुसता हसला.