पाऊस आधी आला, मासळी अंगणातच होती

आज बोलायचंय सुक्या मासळीबद्दल. शाकाहारी मैत्रिणींनी रेडिओ बंद करू नये, कारण पापड-कुरडया घालणाऱ्यांची आणि मसाल्याच्या मिरच्या वाळवणाऱ्यांची गोष्टही हीच आहे.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. २०२५ साली तो २६ मेलाच आला. आमच्या गटातल्या एका कोळीणताईंचा जवळा तेव्हा अंगणात पसरलेला होता. दोन दिवसांत त्याला वास सुटला आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी गेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात कोळ्याचं घर या सुक्या मासळीवरच चालतं.

एका वर्षाच्या पावसाचं खापर हवामान बदलावर फोडता येणार नाही. पण अरबी समुद्र तापतोय, हे खरं. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. वादळांनाही बळ मिळतं. मे २०२१ मधलं तौक्ते आणि ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग, दोन्ही ऐन वाळवणाच्या दिवसांतली.

माल गेला तर पुढच्या वर्षी भरून काढता येतो. माहिती गेली तर कुठून आणायची? बोंबील वलांडीवर कसे टांगायचे, मीठ किती लावायचं, वारा फिरला हे कशावरून ओळखायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही, ते बायांच्या हातात आहे. अशा कौशल्यांना आणि निसर्गाच्या जाणकारीला युनेस्कोने २००३ च्या करारात वारसा म्हटलंय.

आपल्या आजीचा हिशोब आठवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, एवढाच फरक. चंद्र बदललेला नाही, म्हणून हा हिशोब आजही जुळतो. पावसाचा अंदाज मात्र चुकायला लागलाय. आजीचा एक अंदाज चुकला की नात दुसरी गोष्टही विचारत नाही. मला भीती वाटते ती याची.

मग करायचं काय? वाळवण जमिनीवर न घालता बांबूच्या उंच मांडवावर घाला आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणा. बाजूंनी वारा खेळता ठेवा, नाहीतर मासळी घामेजते. एकटीला खर्च जड जातो, म्हणून गटाच्या बचतीतून एक मांडव सगळ्यांनी वापरा. हवामान खात्याचा अंदाज रोज एकीने बघून बाकीच्यांना कळवावा.

खाडीकडेही लक्ष हवं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. तो फक्त फ्लेमिंगोंसाठी आहे असं समजू नका. कांदळवनाच्या मुळांत कोळंबी आणि चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात, लाटांचा जोरही तिथेच मोडतो. भराव आणि सांडपाणी हे तर हवामानाचं काम नाही, माणसांचं आहे. त्यावर आपण आवाज उठवू शकतो.

आणि शेवटचं. या नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडून घरी आलात की आजीजवळ बसा, मोबाईलवर तिचं बोलणं टिपून घ्या. तिला विचारा, वारा कसा ओळखायचा. आणि पुढच्या वैशाखात वाळवण घालताना नातीला शेजारी उभी करा. ऐकून अर्धं कळतं, बाकीचं हाताने शिकावं लागतं.